15 महिन्यांचं मौन: डब्ल्यूसीडब्ल्यूने स्टिंग कसा घडवला आणि कसा दवडला

28 डिसेंबर 1997, वॉशिंग्टन डीसीचं एमसीआय सेंटर, डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीचा स्टारकेड सोहळा. खलनायक हल्क होगनने नायक स्टिंगवर लेग ड्रॉप मारला, म्हणजे उडी घेऊन पाय अंगावर आपटला, मग अंगावर पडून पिन घेतला, म्हणजे त्याचे खांदे मॅटला टेकवून धरले, आणि रेफरी निक पॅट्रिकने मॅटवर तीनदा हात आपटला. नेहमीच्याच गतीने. ठरलेलं होतं ते वेगळंच. पॅट्रिकने घाईघाईने, उघड उघड बेइमानीने मोजायचं, स्टिंगला खांदा उचलायला सवडच मिळू नये आणि नायकाला फसवलं गेलंय हे घरी बसलेल्या माणसालाही कळावं, असा बेत होता. प्रत्यक्षात लोकांना एवढंच दिसलं की स्टिंग सरळ सरळ हरला.

या तीन सेकंदांवर चाहते आजही भांडतात. पॅट्रिक चुकला, की त्याला कोणी तसं करायला सांगितलं, हाच वादाचा विषय. मला हा वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. त्या रात्री मोजणी अगदी ठरल्याप्रमाणे झाली असती, तरी स्टिंगचं पात्र खालीच आलं असतं, कारण खोट बेतातच होती. ती का होती हे समजायला आधीचे 15 महिने पाहावे लागतात. प्रो रेसलिंगमध्ये एखादं पात्र इतक्या निगुतीने घडवल्याची उदाहरणं फार नाहीत.

नव्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. प्रो रेसलिंगचा निकाल आधी ठरलेला असतो, आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक असतं. त्यामुळे 'कोण जिंकेल' यापेक्षा 'या माणसाचं काय होईल' या ओढीवर तिकिटं विकली जातात. प्रमोशनची खरी मिळकत म्हणजे पात्रं. कोणी कधी, कसं, कोणासमोर हरायचं हे ठरवणं म्हणजे बुकिंग, आणि पात्र तरतं किंवा बुडतं ते बुकिंगमुळेच.

रंगीत स्टिंग

स्टीव्ह बॉर्डन हा माणूस 'स्टिंग' म्हणून 1988 मध्ये एका रात्रीत मोठा झाला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ग्रीन्सबरो इथे रिक फ्लेअरशी त्याची 45 मिनिटांची लढत झाली आणि बरोबरीत सुटली. चॅम्पियनसमोर हा पोरगा पाऊण तास टिकला, एवढं पुरेसं होतं. सोनेरी आखूड केस, चेहऱ्यावर भडक रंग, गरजून बोलणं, लहान मुलांचा लाडका. जुलै 1990 मध्ये त्याने फ्लेअरला हरवून एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचा जागतिक किताब घेतला.

या स्टिंगमध्ये एक स्वभावदोष मुरलेला होता. तो कोणावरही विश्वास टाकायचा आणि पाठीत सुरा खायचा. फ्लेअरच्या फोर हॉर्समेन टोळीने त्याला आत घेतलं आणि 1990 च्या फेब्रुवारीत हाकललं. 1995 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच फ्लेअरला जोडीदार मानून तो पुन्हा उतरला आणि पुन्हा फसला. चाहते वैतागायचे, पण प्रेम कमी झालं नाही. दुसऱ्या कंपनीकडून आलेला गडी नव्हे, हा आपल्या घरचा माणूस, ही भावना होती. होगन 1994 मध्ये बाहेरून आला, त्यामागोमाग इतरही आले. स्टिंग मात्र पहिल्यापासून इथलाच.

विश्वास तुटला तो उलट्या बाजूने

टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने सप्टेंबर 1995 मध्ये 'नायट्रो' हा सोमवारचा कार्यक्रम सुरू केला, थेट प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीच्या 'रॉ'समोर. 27 मे 1996 ला स्कॉट हॉल प्रेक्षकांतून चालत रिंगमध्ये आला, मागोमाग केव्हिन नॅश. 7 जुलैला डेटोना बीचवर या दोघांच्या तिसऱ्या साथीदाराचं नाव उघड झालं: हल्क होगन. अमेरिकेचा आदर्श नायक खलनायक झाला आणि एनडब्ल्यूओ ही टोळी उभी राहिली. ऑगस्टमध्ये त्याने किताब जिंकला आणि सोनेरी बेल्टवर काळ्या स्प्रेने टोळीची अक्षरं फवारली. त्या रंगलेल्या बेल्टकडे पाहून डब्ल्यूसीडब्ल्यूच्या जुन्या चाहत्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खलनायकाचं पात्र असं असावं.

9 सप्टेंबरच्या नायट्रोत दाखवलं गेलं की स्टिंगने आपल्याच जिवलग मित्रावर, लेक्स लुगरवर, पार्किंगमध्ये हल्ला केला. तो खरं तर रंग फासलेला तोतया होता. पण लुगरने, सहकाऱ्यांनी, समालोचकांनी झटक्यात विश्वास ठेवला: स्टिंग फितूर झाला. 15 सप्टेंबरच्या फॉल ब्रॉलमध्ये चार विरुद्ध चार अशी वॉरगेम्स लढत होती. खरा स्टिंग सर्वांत शेवटी पिंजऱ्यात शिरला, एनडब्ल्यूओच्या चौघांना एकट्याने झोडपलं, लुगरला विचारलं की आता तरी पटलं का, आणि सामना अर्धा टाकून निघून गेला. त्याच्याविना डब्ल्यूसीडब्ल्यू हरली.

दुसऱ्या दिवशी नायट्रोत तो रिंगमध्ये आला आणि मुख्य कॅमेऱ्याकडे पाठ करून बोलला. एवढी वर्षं या कंपनीसाठी राबलो आणि तुम्ही माझ्यावर संशय घेतला. ज्यांनी घेतला नाही त्यांच्यामागे मी उभा राहीन, ज्यांनी घेतला त्यांना माझा रामराम. यापुढे मी कोणाचा नाही, पण अधूनमधून दिसेन, तुम्हाला वाटणार नाही तेव्हा. असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मग तो गप्प झाला.

इथलं लेखन मला आजही थक्क करतं. आजवर भोळा स्टिंग दुसऱ्यावर विश्वास टाकून फसायचा. आता पहिल्यांदा दुसऱ्यांनी त्याच्यावर विश्वास टाकायची पाळी आली आणि ते एका आठवड्यात ढळले. आठ वर्षांचा स्वभाव एका प्रसंगात उलटा फिरवला आणि तरी काहीही ओढूनताणून वाटलं नाही. शिवाय राग खलनायकावर जेवढा, तेवढाच स्वतःच्या लोकांवर. अशी दुहेरी जखम असलेला नायक लिहायला मिळणं दुर्मीळच.

छताखालचा माणूस

ऑक्टोबर 1996 मध्ये तो परतला तेव्हा पांढरा फटक चेहरा, डोळ्यांभोवती आणि ओठांवर काळे पट्टे, लांब काळा कोट, वाढलेले केस. 'द क्रो' या 1994 च्या चित्रपटातल्या नायकासारखा अवतार करावा ही कल्पना स्कॉट हॉलची, हे स्टिंगनेच पुढे सांगितलंय. हॉल म्हणजे पडद्यावरचा शत्रू. पडद्यामागे मात्र तोच पात्राला आकार देत होता.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो अमेरिकन टीव्हीवर ना लढला, ना बोलला. स्टेडियमच्या छताखालच्या लोखंडी सांगाड्यात बसून खाली पाहायचा. त्याच्या पहिल्यांदा दिसण्यापासून स्टारकेडपर्यंत नायट्रो आठवड्याला दोन तासांचा होता आणि त्यातला निम्मा वेळ माणसं माइक धरून बडबडत असायची. त्या गोंगाटात गप्प बसलेला एक माणूस जास्त जोरात ऐकू यायचा. कॅमेरा वर वळला की स्टेडियमभर आरडाओरडा. पाच-दहा सेकंदांचं ते दर्शन बघायला लोक पुढचा सोमवार पकडायचे.

त्यातला बॅटचा खेळ बारकाईने पाहण्यासारखा आहे. स्टिंग हातात काळी बेसबॉल बॅट घेऊन एखाद्या मल्लासमोर उभा राहायचा. बॅटचं टोक त्याच्या छातीला लावून थोडं ढकलायचा. समोरचा गोंधळायचा. मग स्टिंग बॅट उलटी करून मूठ त्याच्या हातात द्यायचा आणि त्याच्याकडे पाठ फिरवून स्तब्ध उभा राहायचा. मारायचं तर मार. समोरच्याने बॅट खाली केली की स्टिंग ती परत घेऊन निघून जायचा. एक शब्द नाही, एक ठोसा नाही, पण सप्टेंबरात काय घडलं होतं ते प्रेक्षकाला पुन्हा आठवायचं: या माणसाला आता प्रत्येकाचा इमान तपासून घ्यायचाय. ज्यांच्यावर त्याने आंधळेपणाने भरवसा टाकला असता, त्यांनाच तो पाठ देऊन पारखत होता. पात्र कृतीतून दाखवणं म्हणजे काय, ते इथे शिकावं.

तो कोणाच्या बाजूचा हे महिनोन् महिने कळू दिलं नाही. 16 मार्च 1997 ला अनसेन्सर्ड या कार्यक्रमाच्या शेवटी एनडब्ल्यूओ जिंकून नाचत असताना तो दोराने छतावरून खाली उतरला, हॉल, नॅश आणि टोळीतलाच रँडी सॅव्हेज यांना लोळवलं आणि होगनलाही आपटलं. सहा महिन्यांचा प्रश्न एका मिनिटात सुटला आणि नवा उभा राहिला: हे दोघे समोरासमोर कधी? (दोराने उतरणं नुसतं दिखाऊ नव्हतं, जिवावरचं होतं. 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात ओवेन हार्ट हा मल्ल असाच उतरताना पडून मरण पावला.)

उन्हाळ्यात जे. जे. डिलन हे पडद्यावरचे कमिशनर त्याच्यापुढे एकेक करार ठेवू लागले. याच्याशी लढ, त्याच्याशी लढ. स्टिंग कागद फाडायचा आणि प्रेक्षकांकडे बोट करायचा. प्रेक्षकांच्या हातातल्या फलकांवर एकच नाव असायचं. कंपनीने मागणी आपल्या तोंडाने न सांगता लोकांच्या तोंडून वदवून घेतली. अखेर करार झाला: होगन विरुद्ध स्टिंग, स्टारकेड. 1983 पासून चालत आलेला तो कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा सोहळा.

या सगळ्याचा हिशेब मी असा मांडतो. स्टिंगचं पात्र त्याने काय केलं यावर मोठं झालं नाही, त्याने काय राखून ठेवलं यावर झालं. आवाज राखला, कुस्ती राखली, हसू राखलं. राखून ठेवलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे प्रेक्षकाकडून घेतलेली उचल होती. लोकांनी 15 महिने ती दिली, या विश्वासावर की एके रात्री सगळी चुकती होईल. स्टारकेड 1997 हा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या इतिहासात सर्वाधिक विकला गेलेला पे-पर-व्ह्यू, म्हणजे पैसे भरून टीव्हीवर पाहायचा कार्यक्रम, ठरला. उचल वसूल करायला माणसं दारात आली होती.

करारातलं कलम

आता दुसरं पात्र. होगनच्या करारात त्याच्या पात्राचं काय करायचं यावर त्याचा अधिकार होता, ज्याला त्या धंद्यात क्रिएटिव्ह कंट्रोल म्हणतात. त्याला न पटणारा निकाल त्याच्यावर लादता येत नव्हता. एवढ्या मोठ्या नावाने 1994 मध्ये कंपनीत येताना असं कलम मागावं यात नवल नाही. पण 1997 च्या अखेरीस कंपनीची अवस्था अशी झाली होती की जिच्यावर सगळी गोष्ट उभी होती ती होगनची हार, आणि त्या हारीवर नकाराधिकारही होगनचाच.

खलनायकाची किंमत तो शेवटी कसा पडतो यात असते. होगनला वर्षभर जिंकू दिलं, तोंडाला येईल ते बोलू दिलं, ते याच एका रात्रीसाठी. ऑगस्टमध्ये लुगरने त्याला नायट्रोत हरवलं होतं, पण पाच दिवसांत बेल्ट परत. म्हणजे खरी वसुली स्टिंगच्याच नावावर ठेवलेली होती. असं कलम प्रत्यक्ष वापरावंही लागत नाही. ते नुसतं असलं की बुकिंग करणारी माणसं आधीच नमतं घेऊन लिहायला लागतात. 'तो ऐकणार नाही' या धास्तीतून जे लेखन होतं त्यात नायकाचा विजय आपोआप 'पण'सकट येतो.

ती रात्र

सामना तेराएक मिनिटांचा. होगनने बहुतेक वेळ स्टिंगला बडवलं. जो माणूस दर सोमवारी एकटा चौघांना लोळवायचा, तो आज जेमतेम हात उचलत होता. कंपनीची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते एरिक बिशॉफ यांनी नंतर सांगितलं की स्टिंग त्या दिवशी शरीराने आणि मनाने तयारीत नव्हता. त्या काळात आपलं घर विस्कटलेलं होतं, गोळ्या आणि दारूत अडकलो होतो हे स्टिंगनेही पुढे उघडपणे मांडलं. ते प्रामाणिकपणे सांगणं मोठ्या धीराचं आहे. पण बुकिंगच्या दृष्टीने त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. गडी कमजोर असेल तर सामना आखूड करायचा, त्याला मार खायला लावायचा नाही, त्याचे दोन-तीन गाजलेले डाव ठेवायचे आणि संपवायचं. पात्र झाकून न्यायची सोय बुकिंगमध्येच असते, ती वापरली नाही.

मग लेग ड्रॉप, आणि ती मोजणी. समालोचक ओरडत होते की मोजणी घाईची झाली. पडद्यावर दिसत होतं की नाही झाली. आणि तेवढ्यात ब्रेट हार्ट आला.

हार्ट त्याच महिन्यात कंपनीत दाखल झाला होता. 9 नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफच्या व्हिन्स मॅकमहन यांनी त्याला न सांगता निकाल फिरवला होता. हार्टने हार मानलेली नसताना घंटा वाजवली गेली. जगभर गाजलेला तो प्रसंग डब्ल्यूसीडब्ल्यूला वापरायचा होता. म्हणून हार्टने यायचं, असा अन्याय पुन्हा घडू देणार नाही म्हणायचं, पॅट्रिकला पाडायचं आणि स्वतः रेफरी होऊन लढत पुढे न्यायची. तसंच झालं. स्टिंगने कोपऱ्यात धडका दिल्या, स्कॉर्पियन डेथलॉक हा पाय पिळायचा आपला डाव लावला, होगनने हार मानली, हार्टने घंटा मागितली. सगळे सहकारी रिंगमध्ये धावले, बेल्ट उंचावला.

माझा आक्षेप इथे आहे. बेत शंभर टक्के यशस्वी झाला असता तरी गोष्ट अशी दिसली असती: स्टिंग होगनकडून पिन झाला, एका नवख्याने येऊन त्याला दुसरी संधी मिळवून दिली, मग तो जिंकला. ज्याने 15 महिने कोणाचाही आधार नाकारला, बॅट देऊन पाठ फिरवून माणसं पारखली, त्याला निर्णायक क्षणी वाचवायला तिसरा माणूस लागला. तोही असा, ज्याचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. हार्टची स्वतःची जखम ताजी होती आणि तिलाही स्वतंत्र न्याय मिळायला हवा होता. दोन नायकांच्या दोन गोष्टी एका शेवटात कोंबल्या. स्टिंगची गोष्ट हार्टच्या गोष्टीची पुरवणी झाली आणि हार्टलाही त्यातून काही लाभलं नाही. लुगर किंवा सप्टेंबरात संशय घेणाऱ्यांपैकी कोणी धावून आला असता, तर निदान विश्वासाचं वर्तुळ तरी पुरं झालं असतं. तेवढाही विचार झाला नाही.

पुढचे महिने

पडझड भराभर झाली. दुसऱ्याच दिवशी नायट्रोत पुन्हा तीच लढत ठेवली, ती टीव्हीच्या वेळेत संपली नाही आणि निकालाचा पुन्हा घोळ. 8 जानेवारी 1998 ला 'थंडर' या नव्या कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात डिलन यांनी किताब काढून घेतला. इतका काळ वाट पाहून मिळालेला बेल्ट दोन आठवडेही टिकला नाही. 22 फेब्रुवारीला स्टिंगने तो पुन्हा जिंकला, पण सॅव्हेजने होगनला मध्येच फटका मारल्यावर. म्हणजे दुसऱ्यांदाही निखळ विजय नाही. एप्रिलमध्ये तो सॅव्हेजकडून हरला, सॅव्हेज दुसऱ्याच दिवशी होगनकडून. बेल्ट जिथून निघाला तिथेच पोचला. जूनमध्ये स्टिंग तोंडाला लाल रंग फासून एनडब्ल्यूओच्याच फुटीर गटात, वुल्फपॅकमध्ये, सामील झाला. ज्या टोळीच्या तोतयापायी त्याचं नाव बदनाम झालं, तिचाच शर्ट त्याच्या अंगावर. मला हे स्टारकेडपेक्षाही जास्त लागलं.

13 एप्रिल 1998 ला नायट्रो सलग 83 आठवड्यांनंतर पहिल्यांदा प्रेक्षकसंख्येत 'रॉ'च्या मागे पडला. त्याचं सगळं खापर स्टारकेडवर फोडणं अन्यायाचं होईल. समोर स्टीव्ह ऑस्टिन आणि मॅकमहन यांचं भांडण पेटलं होतं. पण ते भांडण लोक बघायला लागले त्याच सुमारास इकडे लोकांना कळून चुकलं होतं की या कंपनीत वाट पाहण्याला फळ नाही.

होगन स्वच्छ हरूच शकत नव्हता असंही नाही. 6 जुलै 1998 ला जॉर्जिया डोममध्ये, 40,000 हून जास्त लोकांसमोर, तो गोल्डबर्गकडून मधोमध पिन झाला. साध्या सोमवारच्या कार्यक्रमात, फुकटात. स्टारकेडला जे लोकांनी पैसे मोजून मागितलं होतं, ते सहा महिन्यांनी दुसऱ्या नायकाला सहज देऊन टाकलं. वर्षअखेरीस गोल्डबर्गलाही नॅशने विजेच्या झटक्याच्या मदतीने हरवलं. मार्च 2001 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने कंपनी विकत घेतली. शेवटच्या नायट्रोची शेवटची लढत स्टिंग विरुद्ध फ्लेअर होती.

काय करता आलं असतं

स्टारकेडला सात-आठ मिनिटांची लढत पुरली असती. होगनने पळ काढायचा, टोळीला हाक मारायची, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मल्लांनी दारातच टोळी अडवायची, आणि रिंगमध्ये फक्त दोघे. मग डेथलॉक आणि हार. त्यानंतर होगनने काही महिने टीव्हीवरून गायब व्हायचं. यात त्याचंही नुकसान नव्हतं. पडलेला खलनायक परतला की त्याला नवी धार येते. हार्टला महिनाभर थांबवून त्याचा वेगळा प्रवेश करायचा. आणि स्टिंगला महिन्याला एखादी लढत, मोजकं बोलणं. राखून ठेवण्यावर उभं राहिलेलं पात्र जिंकल्यावरही राखूनच वापरावं लागतं. दर सोमवारी रिंगमध्ये उतरणारा स्टिंग हा मग चारचौघांसारखाच एक मल्ल.

हे दूरदृष्टीचं काम एईडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीने बऱ्याच वर्षांनी, त्याच माणसाच्या बाबतीत केलं. डिसेंबर 2020 मध्ये एकसष्ट वर्षांचा स्टिंग तिथे आला. त्याला डार्बी ॲलिन या तरुण मल्लाच्या जोडीला लावलं. लढती थोड्या, बहुतेक जोडीने, शरीराला झेपतील अशा. तो तिथे एकदाही हरला नाही. 3 मार्च 2024 ला ग्रीन्सबरोमध्ये त्याची निवृत्तीची लढत झाली, यंग बक्स या भावांच्या जोडीविरुद्ध. हे दोघे भाऊ तेव्हा नुसते मल्ल नव्हते, ते त्या कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्षही होते. सत्ता त्यांच्याकडे होगनइतकीच होती. तरीही लढत कशी संपावी याबद्दल कोणाला शंका राहू दिली नाही: स्टिंगने मॅथ्यू जॅक्सनला डेथलॉकमध्ये धरलं आणि उपाध्यक्ष साहेबांनी मॅटवर हात आपटून हार मानली.